झाकून ठेवलेलं पातेलं

लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. घरी मात्र उस्तादांचा आणि स्वयंपाकघराचा काडीचाही संबंध नव्हता. साखरेचा डबा मागितला तर मिठाचा आणून देणार, आणि वर ‘दोन्ही पांढरंच की’ म्हणून हसणार. बायकोने त्याच्यापुढे केव्हाच हात टेकले होते. ती रुग्णालयात परिचारिका होती, कायम सकाळच्या पाळीची. घर झोपेत असताना उठायची, ओट्स शिजवायची, पातेल्यावर झाकण ठेवायची आणि दार हलकेच ओढून निघून जायची.

त्यामुळे त्यांच्या छकुलीने आईला ओट्स करताना कधी पाहिलंच नव्हतं. ऐकलं मात्र रोज होतं. पांघरुणात पडल्या पडल्या तिला लायटरची टिकटिक ऐकू यायची, कोरडे ओट्स परततानाची खसखस, पाणी पडल्यावरचा चर्र आवाज आणि सगळ्यात शेवटी पातेल्याच्या काठावर चमचा आपटल्याचे दोन ठोके. मग दार. आई गेली, आता थोडा वेळ झोपायला हरकत नाही, असं ते गणित होतं.

मग आईला ताप आला. साधाच वाटला होता, पण आठवडाभरात होत्याचं नव्हतं झालं.

छकुली रडली नाही. पाहुणे म्हणाले, पोर केवढी समजूतदार! लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. त्या समजूतदार पोरीने त्याच दिवसापासून खाणं टाकलं. उस्तादची थोरली बहीण बॅग घेऊन राहायला आली. आत्याच्या हाताला चव होती आणि जिभेला धार, पण इथे दोन्हींची मात्रा चालेना. तिने चिऊचा घास केला, काऊचा केला, गोड बोलून पाहिलं, डोळे वटारून पाहिलं. पोरगी तोंडातला घास गालात धरून तासभर बसायची आणि मग जाऊन थुंकून यायची. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर म्हणाले, “आजार काही नाही. पण ही अशीच राहिली तर मात्र होईल.”

दुसऱ्या दिवशी कामावर निघायच्या आधी, अंधारातच, उस्ताद गॅसपाशी उभा राहिला. पहिल्या दिवशी ओट्सचा गोळा झाला. नंतर एकदा उतू गेले, एकदा असे करपले की पातेलं घासता घासता त्याचा घाम निघाला. ताईला कळलं तर ती आयुष्यभर पुरवून पुरवून चिडवेल, म्हणून सगळा कारभार चोरून. शेवटी त्याने डोकं चालवायचं सोडून दिलं आणि अर्धवट झोपेत वर्षानुवर्षं कानावर पडलेलं आठवायला लागला. आधी खसखस, म्हणजे कोरडे परतायचे. मग चर्र, म्हणजे पाणी गरम पातेल्यातच. मग बराच वेळ काहीच नाही, म्हणजे आच मंद आणि हात सतत फिरता. त्या दिवशी ओट्स जमले. भाजल्याचा खमंग वास घरभर गेला.

आणि त्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की चमचा आपल्या डाव्या हातात आहे. तो स्वतः उजव्या हाताचा होता. डावखुरी होती ती.

मागे, दाराच्या चौकटीशी, कुणीतरी उभं आहे असं त्याला स्पष्ट वाटलं. ड्युटीवर निघालेलं, पदर खोचलेलं, चप्पल पायात सरकवणारं कुणीतरी. त्याने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर ती जाईल, एवढं त्याला कळत होतं. काठावर चमचा दोनदा आपटून, पातेलं झाकून, तो तसाच खाली मान घालून बाहेर पडला.

दुपारी ताईचा फोन आला, “अरे, तुझं पातेलं पोरीने चाटूनपुसून साफ केलं!” उस्ताद दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टच्या डोक्यावर बसला होता. तिथेच तो हसला आणि तिथेच त्याला रडू आलं.

पुढे रोजचंच झालं. छकुलीच्या गालांवर रंग चढला. एका सुट्टीच्या दिवशी ती हळूच येऊन त्याच्या मांडीवर बसली आणि त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाली, “बाबा, एक सांगू? तू कामावर गेलास ना, की आई येते.”

“कुठे येते?”

“स्वयंपाकघरात. ओट्स करते नि जाते. आज तू घरी होतास ना, म्हणून आलीच नाही.”

उस्तादने तडक बहिणीला गाठलं. “ताई, तू काय सांगितलंस तिला?”

“मी काही सांगितलं नाही. तिनेच विचारलं, आईने केलेत ना? मी हो म्हटलं.” आत्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही रे. खातेय ना पोरगी? मग गप बस.”

तो गप बसला. पोरीसाठी म्हणाल तर अर्धंच खरं. उरलेला अर्धा त्याचा स्वतःचा स्वार्थ होता. पहाटेच्या त्या घटकेसाठी तो दिवस ढकलत होता. गॅस पेटला की पाठीशी ती यायची. तिच्या साबणाचा वासही येतो असं त्याला हल्ली वाटायचं. जिवंत असताना एक दिवस तिच्यासोबत उठला नाही, आणि आता गजर व्हायच्या आधीच जागा!

छकुली मात्र बदलत चालली. सकाळ लवकर व्हावी म्हणून ती दिवेलागणीलाच झोपायला लागली. मैत्रिणी हाका मारून थकल्या. कुणी काही विचारलं की तिचं लक्ष गॅसकडे. तरी ती जेवतेय, वजन वाढतंय, असं म्हणून दोघं मोठी माणसं एकमेकांची समजूत काढत राहिली.

मग ती सकाळ आली. ओट्स रटरटत होते, उस्तादचा हात फिरत होता आणि मागून दोन हातांनी त्याच्या कमरेला घट्ट मिठी घातली. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला वाटलं, आली. मग लक्षात आलं, हात फार खाली आहेत. आणि फार लहान.

“मी डोळे मिटलेत,” छकुली म्हणाली. “बघत नाही मी. आई, आज मला पण ने.”

त्याने मान वळवून खाली पाहिलं. तिच्या पायात शाळेचे बूट होते, नाड्या कशातरी बांधलेल्या. पाठीला दप्तर होतं.

“मी तयार आहे, आई. बाबांना आत्या आहे.”

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. चमचा दोनदा आपटायचा, ती आपोआप झोपायला गेली असती. आजच्यापुरती. पण लिफ्टच्या खोल विहिरीत खालून कुणी हाक मारली तर वरच्याने ओ द्यायचीच असते. ओ दिली नाही तर वर कुणी नाही असं धरून खालचा माणूस पुढे सरकतो आणि जिवाला मुकतो. आत्ता बोललो तर ही जेवण टाकेल. आणि रोज पाठीशी यायची ती पुन्हा कधी येणार नाही.

“छकुली,” तो म्हणाला, “मी आहे गं. बाबा.”

हात सुटले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. “आई कुठेय?”

“आई नाहीये.”

“काल होती.”

“काल मीच होतो. परवाही मीच. रोज मीच.”

तो खाली बसला. तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, गॅसकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पातेल्यातून करपल्याचा वास यायला लागला होता, पण दोघांपैकी कुणी उठलं नाही. आत्या धावत आली, तिने गॅस बंद केला आणि ती दारातच थांबली. एवढ्या दिवसांत न रडलेली पोर तेव्हा रडली. आधी आवाजच फुटेना, आणि फुटला तो असा की शेजारच्या घरात दिवा लागला. उस्तादने तिला दप्तरासकट कुशीत घेतलं.

खूप वेळाने ती शांत झाली.

“म्हणजे ती त्या दिवशीच गेली?”

“हो. त्या दिवशीच.”

छकुलीने बाहीने नाक पुसलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मग रोज तू इथे एकटाच असायचास, बाबा?”

उस्तादने तोवर हे स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

“हो गं,” तो म्हणाला. “एकटाच.”