पट्टीकाकांचा चौकोनी पाइप

आमच्या कारखान्यात त्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. मी स्टोअर सांभाळायचो आणि ते माझ्याच खिडकीपाशी टेबल टाकून चौकोनी पोलादी पाइपांची डिझाइनं करायचे. कारखाना त्यांच्या धाकट्या भावाचा. त्यांच्याबद्दल मला नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण दुसरं कुणी सांगेल असंही दिसत नाही.

गोल पाइप आतला दाब सगळ्या अंगाने सारखा झेलतो. चौकोनी पाइपच्या सपाट बाजू पोट काढतात आणि कोपरे उसवायला बघतात. म्हणून काका बाहेरून ठरावीक अंतरावर जाड पट्ट्या वेल्ड करायला लावत.

वेल्डर चिडवायचा, "काका, आणखी एक कंबरपट्टा? पाइप आहे का नवरी?"

"नवरी रुसली तर समजूत काढता येते रे. ह्यातून भट्टीचा वायू जातो. हा फुटला तर माणसं भाजतील."

त्यांचा एकही पाइप कधी फुटला नाही. तेच त्यांना भोवलं.

एक दिवस भाऊ ड्रॉइंग घेऊन आला. "दादा, तुझ्या पाइपांना आजवर काही झालंय?"

"नाही."

"मग एवढं लोखंड कशाला? एक सोडून एक पट्टी काढ."

"अरे, काही झालं नाही ते पट्ट्यांमुळेच."

"कशावरून?"

काकांनी आकडेमोड पुढे केली. भाऊ हसला. "आकडे पण तुझेच ना!"

पट्ट्या त्यानेच खोडल्या. चाचणीला पाइपात पाणी भरून दाब चढवला. बाजू फुगल्या, पत्रा कण्हला. काका कोपऱ्याच्या वेल्डकडे टक लावून उभे होते. तो इथेच, कुणाला न भाजता, पाण्यावरच उकलावा, असं त्यांना वाटत असणार. उकलला नाही. दाब उतरवला तरी थोडं पोट राहिलंच. ते हातोड्याने ठोकून बसवलं आणि वर रंग मारला.

"बघितलंस, दादा? जन्मभर उगाच घाबरलास."

काकांनी एकच मागितलं. "ड्रॉइंगवरचं माझं नाव काढ."

"ते कसं काढू? गिऱ्हाईक त्या नावावरच तर येतं."

काका परत कामावर आले नाहीत. नाव मात्र अजून कामावर आहे. कमी पट्ट्यांचे पाइप त्याच नावाने बाहेर पडतात.

परवा त्यांच्या घरी गेलो. पेपर उघडून ते अपघातांच्या बातम्या बघत होते. काकू चहा ठेवत म्हणाल्या, "रोजचं आहे हे. पाइप फुटावा म्हणून शोधतात की फुटू नये म्हणून, तुम्हीच विचारा!"

मी विचारलं नाही. फुटला तर काका खरे ठरणार, आणि भाजलेली माणसंही त्यांच्याच नावावर लागणार.

"आज काही नाही," काका म्हणाले, आणि तेच पान पुन्हा वरून वाचायला लागले.