त्या सिनेमांत गोळी नव्हती

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहायचो. शेजारच्या वहिनींच्या लेखी आम्ही रूममेट होतो. शनिवारी दुपारी पडदे ओढून, आवाज बारीक ठेवून आम्ही जुने सिनेमे बघायचो. एड्सच्या साथीत, उसन्या पैशांवर, आमच्यासारख्यांनीच काढलेले. दोन पुरुष, एक खटारा गाडी आणि न संपणारा रस्ता. एकाला आजार असतो, घरच्यांनी दार लावलेलं असतं, म्हणून ते नुसती गाडी हाणत राहतात. यातले किती जण सिनेमा लागेपर्यंत जगले असतील, असं मनात यायचं आणि माझा चहा निवून जायचा.

"बिचाऱ्यांकडे गोळी नव्हती रे," तो म्हणायचा. "आता काय, रोज एक गोळी, खलास."

मग त्याचा व्हिसा रिन्यूअलला आला. त्यासाठी रक्त तपासतात. सगळ्यांचंच तपासतात, म्हणून तो गुणगुणत गेला. रक्तात तेच निघालं. व्हिसा रद्द झाला, त्याला भारतात परत पाठवलं. पुढे माझीही तपासणी झाली. मी फिट निघालो, आणि फिट निघाल्याचाच मला भयंकर राग आला.

त्याला आता इकडे येता येत नाही. भेटायचं तर मलाच जायला हवं.

"भाऊजी, तुमचे रूममेट दिसत नाहीत हल्ली?" वहिनींनी विचारलं.

"आई आजारी आहे त्याची."

मग लिफ्टमध्ये भेटल्या की त्या आईची चौकशी करू लागल्या. शेवटी वैतागून मी सांगितलं, "गेली ती. तो आता तिकडेच राहणार." वहिनींचे डोळे भरून आले.

"आई, हू डाइड?" त्यांच्या मुलीने विचारलं.

शनिवारी मी आता एकटाच गाडी काढतो. शारजाच्या पुढचं हमरिया मागे पडलं की शेजारच्या सीटवर तो असतो. मी बोलतो, तो ऐकतो. सिग्नलला कुणी बघितलं तर फोनवर असल्याचं सोंग करतो. जिवंत माणसाचंही भूत होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

परवा रास अल खैमाच्या वाटेवर त्याचा फोन आला. आवाज ठणठणीत होता. गोळी लागू पडली आहे. मी त्याला आईचं सांगून टाकलं. तो हसला, आणि फोन तिच्याकडेच दिला.

"मला मारलंस म्हणे?"

"काकू, चुकलं माझं."

"असू दे. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते सांग. तू कधी येतोस? रोज दाराकडे बघत बसतो तो."

मी गाडी कडेला घेतली. एकदा गेलो की त्याला सोडून परतणं मला जमणार नव्हतं. आणि मग कुणासाठी आलो, ते माझ्या आईला सांगावं लागणार होतं. तिला अजून काहीच माहीत नाही.

"येतो, काकू."

"तारीख सांग," त्या म्हणाल्या.

मी फोनवर कॅलेंडर उघडलं आणि महिने पुढे सरकवत राहिलो.