नापास पंचाचा निकाल

माझ्या थोरल्या दिरांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि देव करो, कुणाच्या घरात तसा दुसरा न निघो. निःपक्षपाती माणूस दुरून बघायला फार छान असतो. त्याच्या घरात राहून बघा म्हणजे कळेल. दोघे भाऊ एकाच घराच्या दोन भागांत राहतात, मधे एक भिंत आणि एक दार, त्यामुळे मला हे दर्शन गेली पंचवीस वर्षं रोज घडतं आहे. भाऊजींनी भूमापन कचेरीत मोजणीदार म्हणून जन्म काढला. दुसऱ्यांच्या हद्दी मोजायच्या, जुन्या खुणेचे दगड उकरून काढायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. "दोन्ही बाजू शिव्या देतात ना? मग मोजणी बरोबर," असं ते छाती फुगवून सांगत. एका रजेच्या दिवशी करमेना म्हणून त्यांनी स्वतःच्याच आवाराची मोजणी केली आणि आमचा कुंपणाचा गडगा दीड वीत शेजाऱ्यांच्या जमिनीत गेलाय असा शोध लावला. शेजारी बिचारे म्हणाले, "असू दे वो, आजोबांच्या वेळेपासून तसाच आहे तो." पण भाऊजींनी गडी लावून जांभ्याचा तो गडगा चिरा चिरा उतरवला आणि दीड वीत आत घेऊन पुन्हा रचला. त्यात माझी अबोलीची रांग गेली. आंबे उतरले की दोन चुलींची वाटणीही तेच करत. निवडक फळं पाहुण्यांना, बरी फळं शेजाऱ्यांना, डागी आम्हाला आणि त्याहून डागी त्यांना स्वतःला. आपला माणूस म्हणजे ज्याला कमी द्यायचं तो, अशी त्यांची सरळसोट समजूत होती, आणि कमी मिळालेल्यानं त्याचा अभिमान बाळगावा अशी वर अपेक्षा.

असा माणूस बेसबॉलच्या वाटेला गेला नसता तर बरं झालं असतं. आमच्याकडची मुलं बॅट धरून जन्माला येतात ती क्रिकेटची. बेसबॉल हा खेळ इथे आला तो शाळांच्या स्पर्धांमधून. तीन शाळांचे संघ उतरत, त्यामुळे एक सामना जिंकला की अंतिम फेरी आणि एकही न जिंकता तिसरा क्रमांक. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकांचाही जीव त्यात अडकलेला. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना मैदान आखून हवं होतं. ते भाऊजींकडे आले. भाऊजी टेप घेऊन गेले, चारही बेसची जागा इंच इंच तपासली, फक्कीच्या रेघा मारल्या आणि तो पांढरा चौकोन बघत बराच वेळ उभे राहिले. त्यांनी आखलेल्या हद्दीवर भांडायला कुणीही आलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. शिक्षक म्हणाले, "एक पंच कमी पडतोय, उभे राहता का?" भाऊजी उभे राहिले ते आजतागायत खाली बसले नाहीत. माझ्या तन्वीला या खेळाची गोडी लावली ती त्यांनीच. स्वतःला मूल नाही, तेव्हा पुतणीवर त्यांचा फार जीव, आणि पोरीचा जीव त्या खेळावर. नववीत असल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता तो सामना सांगते. सात वर्षं झाली त्याला, पण माझ्या पोटात तो अजून पचलेला नाही. तन्वी दहावीत होती. जिल्ह्याचा अंतिम सामना, जिंकणारा संघ कोल्हापूरला विभागीय स्पर्धेला जाणार. जिल्ह्यात पंच म्हणावेत असे तीनच जण, त्यामुळे पहिल्या बेसवर उभे होते खुद्द तिचे काका. सामना सुरू होण्याआधी समोरच्या शाळेच्या कुणी तरी मोठ्यानं म्हटलं, "काय हो, पंच घरचाच आणलाय वाटतं!" मी ते ऐकलं. भाऊजींनीही ऐकलं, कारण त्यांचे कान लाल झाले. शेवटच्या डावात आमची शाळा एका धावेनं मागे होती आणि दोन मुली बाद झालेल्या. तिसऱ्या बेसवर तन्वीची मैत्रीण उभी. तन्वीनं चेंडू मारला, मैत्रीण धाव पुरी करायला होम प्लेटकडे सुटली, तन्वी पहिल्या बेसकडे. तन्वीचा पाय आधी टेकला तर धाव धरली जाऊन बरोबरी आणि खेळ पुढे चालू. फेकलेला चेंडू तिच्याआधी त्या बेसवर पोचला तर सगळं संपलं. ती पळत गेली, लाल धुरळा उडाला आणि त्या धुरळ्यात भाऊजींचा हात वर झालेला मला दिसला. आऊट. समोरच्या शाळेनं टाळ्या वाजवल्या आणि ज्यानं टोमणा मारला होता तोच म्हणाला, "ह्याला म्हणतात पंच!" भाऊजींच्या तोंडावर तेव्हा जे समाधान होतं ते मी जन्मात विसरणार नाही. तन्वी काही बोलली नाही. कपडे झटकले आणि बाजूला झाली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा वाईट वाटलं ते गुणांचं. तिला खेळाचं वाईट वाटलंय हे मला फार उशिरा कळलं, म्हणजे त्या दिवसानंतर ती एकदाही मैदानावर गेली नाही तेव्हा. मी भाऊजींशी बोलणं टाकलं नाही, एका घरात ते जमत नाही. फक्त त्यांच्या ताटात वाढताना माझा हात आखडला.

दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं लाजेकाजेनं पंचाची टोपी खुंटीला टांगली असती. आमच्या भाऊजींनी उलटंच केलं. राज्य पंचांची परीक्षा द्यायची असं जाहीर केलं आणि अभ्यासाला लागले. अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्तीला टेकलेला माणूस पहाटे अंगणात गुडघे वाकवून उकिडवा बसतो आणि समोरच्या माडाकडे बघून "स्ट्राइक!" म्हणून ओरडतो, हे दृश्य बघायला दूधवाला मुद्दाम लवकर येऊ लागला. छातीला बांधायचं कवच विकत घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून मिरकरवाड्यातून मासळीची थर्माकोलची पेटी आणून त्यांनी ती कापून पट्ट्यांनी गळ्यात अडकवली. कवच झकास झालं, पण वास जाईना. सरावाला निघाले की मागे चार मांजरं. एका सामन्यात त्यातला एक बोकोबा होम प्लेटवर येऊन बसला आणि भाऊजींनी खेळ थांबवून त्याला नियमानुसार बाहेर काढलं. जाऊबाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अगो वैशाली, काल पोळी तव्याच्या जरा बाहेर गेली, तर हे मागून म्हणतात, फाऊल! आता ह्यांना जेवायला घालू की मैदानावर पाठवू?"

सगळ्यात अवघड धडा म्हणे पहिल्या बेसचा. तिथे पंचानं चेंडूकडे बघायचंच नसतं. डोळे धावणाऱ्याच्या पायावर ठेवायचे आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानानं टिपायचा. आधी पाय की आधी आवाज, एवढंच ठरवायचं. याचा सराव कुठे करायचा? भाऊजी एसटी स्टँडवर जाऊन उभे राहत. सुटणाऱ्या गाडीमागे प्रवासी धावत येतो, कंडक्टर घंटा मारतो. घंटा आधी झाली की पाय पायरीवर आधी पडला? पाय आधी पडला तर भाऊजी दोन्ही हात आडवे पसरून "सेफ!" म्हणत. लांज्याच्या एका बाईला वाटलं, गाडीत जागा नाही असं हे सांगताहेत. ती बिचारी चढलेली उतरली आणि गाडी गेली. मग भाऊजींनी तिला पुढच्या गाडीत बसवून दिलं आणि वर समजावलं, "बाई, तुम्ही सेफच होतात." तिथून हाकलले गेल्यावर ते बंदरावर जाऊ लागले. होडीतून टोपल्या धक्क्यावर फेकल्या जातात, त्या झेलणाऱ्यांचे पाय बघायचे आणि टोपलीचा धप्प आवाज ऐकायचा. एका मासळीवालीनं दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "काय वो भाऊ, म्हावरं घ्यायचंय की पाय मोजायचेत?" त्यावर यांनी तिला खेळाचे नियम सांगितले. तिनं ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "घरात कोण नाय काय तुमच्या?" ही गोष्ट आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगितली आहे, त्यांच्यासमोर सांगितली आहे, आणि हसताना मला बरं वाटलं आहे.

पहिल्या परीक्षेत ते लेखीत गेले. दुसऱ्या वेळी लेखीत पास झाले आणि प्रत्यक्ष मैदानावर नापास. त्या दिवशी कोल्हापूरहून येताना ते घरापर्यंत तिकीट असूनही दहा-बारा किलोमीटर अलीकडे हातखंब्याला उतरले आणि तिथून चालत आले. टळटळीत दुपार, खांद्याला ती वासाची पेटी, आणि चेहरा असा की जाऊबाईंनी काही विचारलंच नाही. आमचे हे म्हणाले, "नापासांना एसटीत बसू देत नाहीत वाटतं." मीसुद्धा हसले. त्यानंतर भाऊजी बोलेनासेच झाले. सराव मात्र दुप्पट. दोन वर्षांनी तिसऱ्यांदा परीक्षा दिली आणि गेल्या पौषात पास होऊन आले. आम्ही पेढ्यांची वाट बघत होतो.

पेढे आले नाहीत. मी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होते. भाऊजी मधल्या दारात येऊन उभे राहिले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र. एरवी ते कधी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येत नाहीत.

"वैशाली, तन्वीला फोन लाव जरा."

"ती कामावर असेल. काय झालं?"

"तो सामना. ती सेफ होती."

मी विळी बाजूला सरकवली. ते प्रमाणपत्राकडे बघतच बोलत राहिले. "गेल्या खेपेस परीक्षकानं माझं चित्रण मोबाइलवर दाखवलं. चेंडू अजून हवेत आणि माझा हात वर. तो म्हणाला, काका, तुम्ही बघून निकाल देत नाही, ठरवून येता. तेव्हा मला तो दिवस समोर दिसला गो. आवाज आलाच नव्हता तोवर. ते लोक बोलले तेव्हाच माझं ठरलेलं होतं. जवळचा निकाल आला तर पुतणीला द्यायचा नाही."

"गेल्या खेपेस? म्हणजे दोन वर्षं झाली. दोन वर्षं गप्प बसलात?"

"नापास पंचाच्या निकालाला काय किंमत? नापास माणसानं आऊट दिलं आणि नापास माणसानंच येऊन सेफ म्हटलं, तर पोरीनं ते मानावं कशाला? म्हणून आधी पास झालो."

यावर हसावं की विळी फेकून मारावी, मला कळेना. या माणसानं आपली चूक कबूल करण्यासाठीसुद्धा सरकारी पद्धतीनं अर्ज करून पात्रता मिळवली होती. गुडघे झिजवले, लोकांचं आणि माझं हसू सोसलं, आणि त्या दोन वर्षांत इथे माझी पोर घरी येऊन जाऊन होती, आली की त्यांच्यासमोर बसून भात कालवत होती. तेव्हा नुसतं "चुकलो" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण "चुकलो" हे त्यांना तोंडी चालत नव्हतं.

मी फोन लावला. तन्वी पुण्याला एका कंपनीत आहे, ती बाहेर येऊन बोलली. भाऊजींनी फोन दोन्ही हातांत धरला आणि कचेरीत निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात तिला सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मलाही ऐकू येत होतं.

"काका, मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझा पाय टेकला तेव्हा मी वर बघितलं. चेंडू आला नव्हता, तुमचा हात वर होता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस गो?"

"पंचांशी वाद घालायचा नाही, तुम्हीच शिकवलं होतंत ना."

मग तीच म्हणाली, "पास झालात ना पण? अभिनंदन," आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. ती रागावली असती, रडली असती, तर मला सोसलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हताच, आणि मला त्याचीच भीती वाटली. सात वर्षं मी तिच्या वतीनं राग धरून बसले होते. तो धरायला तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं. तिनं तो खेळ कधीच सोडून दिला होता, आणि मी मात्र इकडे वाढताना हात आखडत होते.

आता भाऊजी जिल्ह्यातले सगळ्यात चांगले पंच आहेत, असं त्यांना शिव्या देणारेसुद्धा म्हणतात. निकाल जवळचा असला की ते थोडा वेळ थांबतात, मग हात हलवतात. तेवढ्या वेळात मैदान नुसतं खवळतं. "काय झोपलात की काय?" असं पोरं ओरडतात. ते ऐकून घेतात आणि थांबतात. माझी मुलगी धावत आली तेव्हा इतकं थांबायला यांना जमलं असतं तर, असं मला दरवेळी वाटतं, आणि मग मी सामना अर्धा टाकून घरी येते.

मे महिन्यात तन्वी चार दिवस आली होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती ओटीवर फोन बघत बसली होती. भाऊजी मधल्या दारातून आले, हातात एक जुनाट चेंडू. बराच वेळ तो या हातातून त्या हातात करत राहिले आणि मग म्हणाले, "येतेस काय अंगणात? चार चेंडू टाकतो."

तिनं वर बघितलं, हसली. "नको काका. सवय गेली आता."

"बरं," म्हणाले आणि आत गेले. आणखी एकदा विचारायला हवं होतं त्यांनी. त्यांनी नाही, तर निदान मी तरी.