ग्रोटबर्ग साहेबांचे पाच दिवस

आल्डेन ग्रोटबर्ग सोळा वर्षं अमेरिकेतल्या आमच्या राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील होते, आणि ती सोळाही वर्षं मी त्यांची टायपिस्ट होते. बायको गेल्यापासून दुपारचं सँडविच ते दार लावून एकटेच खायचे. माणूस सरळ, पण इतका सरळ की कुणाला जवळ जाववत नसे. मला तर कधी कधी रागच यायचा.

दर नाताळाआधी मिसेस ह्यूजबींचं पत्र यायचं. या बाई विधवा, दूरच्या गावी शाळेत स्वयंपाकाला. त्यांचा मुलगा आर्लन एकोणिसाव्या वर्षी चोरांची गाडी चालवायला बसला, चोरीत त्या चोरांच्या हातून रखवालदार मेला आणि पोरालाही जन्मठेप झाली. त्याला माफी द्या, एवढंच बाईंचं मागणं. साहेबांचं उत्तरही ठरलेलं: माफी माझ्या हातात नाही, ती फक्त गव्हर्नर देऊ शकतात.

मग एका जानेवारीत गव्हर्नर हृदयविकाराने गेले. उपगव्हर्नरची जागा आधीच रिकामी होती. नोव्हेंबरात निवडून आलेले नवे गव्हर्नर मंगळवारी शपथ घेणार होते; कायद्याने पुढचा क्रम अ‍ॅटर्नी जनरलचा, म्हणून तोवर पाच दिवस खुर्ची आमच्या साहेबांकडे आली.

शनिवारी मिसेस ह्यूजबी बर्फातून दोनशे मैल बसने आल्या. कॉफीला त्यांनी हात लावला नाही. साहेबांनी एक जुनी फाइल काढली. पदावर आल्या आल्या त्यांनीच लेखी मत दिलं होतं, की तात्पुरत्या गव्हर्नरने माफी देऊ नये, ती लोकांनी निवडलेल्यानेच द्यावी. ते त्यांनी बाईंना वाचून दाखवलं.

"सोळा वर्षं तुम्ही नाही म्हणालात, मला वाईट वाटलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातात नव्हतं ना. आज आहे."

साहेबांनी फाइल मिटली. बाईंनी हातमोजे चढवले आणि गेल्या.

मला राहवलं नाही. "मत तुमचंच आहे, साहेब. नवं सांगा, दहा मिनिटांत टाइप करते."

"खुर्ची मिळाल्यावर मत फिरवलं, तर माझ्या कुठल्या मताला किंमत राहील, व्हर्ना?"

"आणि त्या पोराचं काय?"

मंगळवारी जाता जाता त्यांनी नव्या गव्हर्नरांकडे आर्लनसाठी शब्द टाकला. नव्यांनी मान डोलावली आणि विषय तिथेच राहिला. वर्तमानपत्रांनी मात्र साहेबांच्या तत्त्वनिष्ठेची तारीफ केली. मला ती वाचवेना.

दोन वर्षांनी मिसेस ह्यूजबी वारल्या. निवृत्त साहेबांना अंत्यविधीला मीच गाडीतून घेऊन गेले. चर्चमध्ये आर्लनला दोन शिपायांनी आणलं होतं, हातात बेड्या. प्रार्थना संपल्यावर साहेब शेवटच्या बाकावरून उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुम्ही आईच्या ओळखीचे का?" आर्लनने विचारलं.

"मी गव्हर्नर होतो," साहेब म्हणाले. "पाच दिवस."