बातम्यांचा डबा

खांदा कॉलनीतील आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला मोबाइलवर संकेतस्थळांचे फीड घेण्यास मी शिकवले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढील गोष्टींचा दोष भलत्याला लागणार नाही. मी मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेली. सबनीसबाई टेलिफोन खात्यातून. काझीसाहेब कापडाचे दुकान मुलांकडे सोपवून मोकळे. आणि म्हात्रेदादा उरणकडचे, एकेकाळचे मिठागरवाले. असे चौघे रोज दुपारी वाचनालयातील एका टेबलाशी बसले की किस्से घडतातच. घरी जाऊन ते सांगायला कोणी नसल्यामुळे साचतात मात्र फार!

*

पहिल्या दिवशी मी सांगितले, "आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता या ॲपमध्ये घालायचा आणि 'सबस्क्राइब' दाबायचे. मग पुन्हा पुन्हा तिथे जाऊन पाहावे लागत नाही. तिथले नवे लेखन आपोआप इथे येते. यासाठी मी 'वार्ताप्रवाह' हा शब्द योजला आहे."

"अहो बाई, म्हणजे डबाच की!" सबनीसबाई म्हणाल्या. "एकदा लावला की रोज येतो."

"और पसंद नाही पडला, तर डबा बंद!" काझीसाहेब म्हणाले.

झाले! माझा शब्द त्याच दुपारी वारला. चौघांकडेही जेवणाचा खराखुरा डबाच येत असल्यामुळे अधिक स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

*

सबनीसबाईंनी दिसेल त्या संकेतस्थळाचा डबा लावला. पाककृती, शेअर बाजार, क्रिकेट, एवढेच काय, कुक्कुटपालनसुद्धा! न वाचलेल्या लेखांचा आकडा फुगत गेला आणि त्यांची झोप उडाली. मी त्यांना 'सर्व वाचले' असे बटण दाखवले.

"न वाचता वाचले म्हणायचे?" त्या उद्गारल्या. "बाई, हे तुम्ही सांगताय?"

ते बटण मी स्वतःही पुन्हा कधी दाबले नाही. सकाळी उठल्यावर घरात माझी वाट पाहणारे असे काही असेल, तर तो आकडाच.

*

काझीसाहेबांनी एकाच वर्तमानपत्राचे फीड चुकून दोनदा लावले. प्रत्येक बातमी दोनदा येई.

"खबर पक्की आहे बाई, दोन्हीकडे आलीय!" ते ठासून सांगत.

मी चूक दाखवली आणि एक काढून टाकू लागले, तर त्यांनी फोन मागे ओढला. "राहू द्या. बेगम होती तेव्हा मी एकदाच वाचायचो. दुसऱ्यांदा ती ऐकवायची."

*

म्हात्रेदादा शिकवणीत गप्प असत. एकदा सगळे गेल्यावर थांबले आणि एक पत्ता पुढे केला. त्यांची लेक परदेशात असते आणि स्वतःच्या संकेतस्थळावर मराठीत लिहिते. लग्नावरून बापलेकीत बिनसले, ते आजवर बोलणे नाही.

"मी वाचतो, त्ये तिला समजंल?" त्यांनी विचारले.

"नाही. फीडमध्ये वाचणाऱ्याचे नाव लिहिणाऱ्याकडे जात नाही."

"मंग लावा डबा."

लेकीचे लेखन आले की दादा ते ओठ हलवत वाचत. मध्यंतरी पुष्कळ दिवस काहीच आले नाही.

"बाई, नेट बंद हाय का?"

"नाही दादा, चालू आहे."

"मंग तीच बंद हाय," ते म्हणाले आणि चष्मा त्याच्या डबीत ठेवून बसून राहिले.

*

परवा एक लेख आला. दादांनी तो कधी नव्हे तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला. लेकीने लिहिले होते : 'आजी सुकटीत आंबटाला काय घालायची? चिंच की आमसूल? चव जमत नाही, आणि विचारायला कोणी नाही.'



"दोनी नाय," दादा फोनकडे पाहत म्हणाले. "आंबोशी हाय ती. कैरीच्या फोडी उन्हात सुकवायच्या. चिंच नाय टाकायची, आमी कंदीच नाय टाकली."

"मग कळवा ना तिला!" सबनीसबाई म्हणाल्या.

लेखाखाली अभिप्रायाची चौकट होती. दादांनी फोन माझ्याकडे सरकवला. मी लिहिले : 'ती आंबोशी आहे. चिंच घालावयाची नाही. आम्ही कधीच घातली नाही.'

दादांनी वाचले. "ह्ये मी कवा बोल्लो?"

"बाई," काझीसाहेब हळूच म्हणाले, "ते बोलले तसंच लिहा."

"आणि नाव?" मी विचारले.

"नाव नको," दादा म्हणाले.

शेवटी असे ठरले, की नावाची जागा कोरी ठेवायची आणि वाक्याला हात लावायचा नाही. सबनीसबाई आणि काझीसाहेब लगेच कबूल झाले. दादांनी मान हलवली. सर्वांत शेवटी मी कबूल झाले, 'आहे' पुसले आणि 'हाय' लिहिले.