टिकलीखालचा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. तो दिसला की जीव टांगणीला लागायचा, म्हणून माझ्या बायकोने, शोभाने, त्याच्यावर आपली टिकली चिकटवून टाकली. दिवा झाकला गेला, धास्ती मात्र उघडीच राहिली. मुलीकडे जाताना आम्ही घाट टाळून लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो.

आज मेकॅनिकने यंत्र जोडून पाहिलं. "इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर गेलाय. तोच चुकीचं सांगतोय."

मला एकदम हलकं वाटलं. माझ्या आतही असा एक सेन्सर आहे. मुलीचा फोन लागला नाही की तो पेटतो, अवेळी दारावरची बेल वाजली तरी पेटतो. दर वेळी मी सगळं संपलंच असं धरून बसतो. संसार मात्र आपला नीट चाललेला असतो.

नवा सेन्सर बसला. शोभाने नखाने टिकली सोडवली. खालचा दिवा विझलेला होता. आरसा स्वतःकडे वळवून तिने ती टिकली कपाळावर लावली.

"चला," ती म्हणाली, "घाटातून जाऊ."