विहिरीकडचा गोल

माझा एक शॉट गोलच्या आडव्या बारवरून गेला आणि आईची रोजी बंद झाली. माझ्या फुटबॉलची गोष्ट इथूनच सांगावी लागते.

आम्ही विंचूरला राहायचो. वडील कांद्याच्या खळ्यावर गोण्या उचलायचे आणि आई कांदा निवडायची. मोठा कांदा वेगळा, गोल्टी म्हणजे बारका वेगळा, सडका बाजूला. कांद्याचा वास घरात होता, कपड्यांत होता, पुस्तकांतही होता. वर्गात माझ्याशेजारी बसलेला पोरगा गुरुजींकडे जागा बदलून मागायचा. खळ्यावर काम असलं की चूल पेटायची. नसलं की शेजारून आलेल्या भाकरीवर भागायचं.

शाळेत पी.टी.चे सर फौजेतून आलेले होते. क्रिकेटला ते ‘उभं राहायचा खेळ’ म्हणायचे. त्यांनी एक फुटबॉल आणला आणि शाळेमागच्या पडीक रानात बांबूचे दोन गोल रोवले. त्यातल्या एका गोलमागे विहीर होती, कठडा नसलेली. नियम एकच होता. ज्यानं बॉल विहिरीत घातला त्यानंच उतरून काढायचा. विहिरीला पायऱ्या होत्या, पाणी गार होतं. पोरांना त्यात शिक्षा कसली, मजाच वाटायची. उन्हाळ्यात काहीजण मुद्दाम वर मारायचे.

माझं तसं नव्हतं. आम्ही बौद्धवस्तीतले आणि विहीर खळ्याच्या मालकाची. शिवाशिवीविरुद्धचा कायदा सगळ्यांना माहीत होता, उघड कोणी काही बोलत नसे. पण आमच्या वस्तीतलं कोणी त्या विहिरीत उतरतही नसे. त्या दिवशी माझा शॉट वर गेला, बॉल पाण्यात पडला आणि नियमाप्रमाणे मी उतरलो. बॉल घेऊन वर आलो तर मालकाचा माणूस काठावर उभा. मला त्यानं जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाला, “तुझं काम नाय आता बाई. पोरगं लय उड्या मारतंय तुझं.”

तो सगळा हंगाम आई दुसऱ्या खळ्यांवर पायी काम मागत फिरली. तिनं मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, “खेळ बाबा. पण खालून खेळ.”

मग मी खालून खेळायला लागलो.

ज्यांना फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्ट्रायकर म्हणजे टीममधला सगळ्यात पुढचा माणूस. बाकीच्या दहाजणांनी दीड तास घाम गाळायचा आणि यानं एका क्षणात त्याचं सोनं करायचं, नाहीतर माती. मी स्ट्रायकर होतो आणि माझा शॉट सरपटी होता. गवतातून साप निघावा तसा जमिनीलगत जायचा. उंच गोलकीपरला असा बॉल अजिबात आवडत नाही. हात वर न्यायला त्याला वेळ लागत नाही, आख्खं अंग खाली टाकायला लागतो. तेवढ्या वेळात बॉल आत गेलेला असतो.

या एका शॉटनं मला देश दाखवला. नाशिकला वसतिगृहात राहून कॉलेज करत होतो, तेव्हा मुंबईच्या एका मिलनं उचललं. तिथून गोव्याला गेलो, मग कलकत्त्याला आणि शेवटी केरळला. त्या काळी फुटबॉलरला फुटबॉलचा पगार नसायचा. कागदावर नोकरी आणि पायात फुटबॉल, अशी पद्धत होती. मिलच्या मस्टरवर मी खात्यातला मदतनीस होतो, पण साचा, म्हणजे कापडाचा माग, कसा चालतो ते आजही मला माहीत नाही. गोव्यात खाणीवरचा सुपरवायझर होतो. खाण मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिली. गोव्याची लाल मातीची ग्राउंड, कलकत्त्याचा चिखल, केरळात भात कापलेल्या शेतात बांबूच्या गॅलऱ्या उभारून होणारे सातजणांचे सामने, सगळीकडे माझा सरपटी बॉल चालला.

बी.ए.ला मात्र मला इतरांपेक्षा जास्त वर्षं लागली. फुटबॉलचा सीझन आणि युनिव्हर्सिटीची परीक्षा यांचं कधी पटलं नाही. पण पेपर देत राहिलो आणि पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत होतो, आजही सांगतो.

गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा नाशिकला परत आलो. सातपूरच्या एका कारखान्याची टीम होती. त्यांनी मला खेळाडू आणि कोच अशा दोन्ही कामांसाठी घेतलं. मस्टरवर हेल्पर, तोही टेम्पररी. टीममधली बाकीची पोरंही टेम्पररीच. इंदिरानगर तेव्हा नुकतं वसत होतं, तिथं एक खोली घेतली आणि आईला विंचूरहून घेऊन आलो. वडील तोवर गेले होते.

दुसऱ्या वर्षी आम्ही कारखान्यांच्या शील्ड स्पर्धेच्या फायनलला पोचलो. त्याच आठवड्यात पर्सोनेल मॅनेजर कुलकर्णी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“पगारे, वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी फुटबॉल बंद. ग्राउंडवर नवी शेड घालायची आहे.”

“आणि पोरं, साहेब?”

“टेम्पररी आहेत. ब्रेक देऊ.”

ब्रेक म्हणजे काय, ते कारखान्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. परमनंट करायची वेळ जवळ आली की कामगाराला घरी बसवायचं. मग वाटलं तर परत बोलवायचं, नाहीतर नाही.

“आणि मी?”

“तुम्ही वेगळे कुठं आहात?”

“साहेब, मी बी.ए. आहे.”

“फाइलमध्ये हेल्पर आहात.”

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

“शील्ड आणली तर?”

“समोर मुंबईची टीम आहे, पगारे. चार वर्षं त्यांना कोणी हरवलं नाही.”

“आणली तर काय, ते विचारतोय मी.”

कुलकर्णी साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “आणली तर मी जीएम साहेबांशी भांडतो. टीम राहील, पोरं परमनंट होतील. जीएमना शील्डबरोबर फोटो काढायला आवडतो, एवढं मला ठाऊक आहे.”

“आणि मला टेबल. हेल्परचं नाही, क्लार्कचं. डिग्रीवर.”

“आधी आणा तर!”

खरी अडचण पुढंच होती. मुंबईच्या टीमचा गोलकीपर होता फ्रान्सिस. गोव्यात आम्ही दोघं एका पावाच्या भट्टीवरच्या खोलीत राहायचो. मी झोपेत घोरतो कसा इथपासून ते बॉल कुठल्या कोपऱ्यात मारतो इथपर्यंत त्याला सगळं माहीत होतं. माझा पाय मागे गेला की हा जमिनीवर आडवा पडायला सुरुवात करायचा. बॉल सुटायच्या आधीच. दुसऱ्या कुठल्या स्ट्रायकरसमोर असं केलं असतं तर वेड्यात निघाला असता. पण माझ्यासमोर त्याचं बरोबर होतं. मी वर मारतच नव्हतो.

आमचा विंगर म्हणजे कडेनं पळणारा खेळाडू होता इरफान, मालेगावचा. पोरगा हुशार आणि जीभ त्याहून तिखट. तो म्हणाला, “पगारेभाई, वो नीचे सोता है ना? सोने दो. उसके ऊपर से डालो.”

“जमत नाही रे.”

“क्यों नहीं जमता? पीछे कुआँ थोडी है!”

विहिरीची गोष्ट मी पोरांना कधीतरी हसत हसत सांगितली होती. अर्धीच सांगितली होती. आईचं काम गेलं ते सांगितलं नव्हतं.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. या शॉटला चिप म्हणतात. बॉलच्या खाली बूट घालायचा आणि चमच्यानं उचलावा तसा अलगद उचलायचा. तो कीपरच्या अंगावरून जाऊन मागे पडतो. कारखाना सुटला की इंदिरानगरच्या मोकळ्या प्लॉटवर इरफान आणि मी प्रॅक्टिस करायला लागलो. तो गोलमध्ये लोळायचा आणि मी वर मारायचो. म्हणजे मारायला जायचो. शेवटच्या क्षणी पाय आपोआप आडवा व्हायचा आणि बॉल सरपटत जायचा. कलकत्त्यात हजारो माणसांसमोर कधी पाय कापले नाहीत. इथं रिकाम्या प्लॉटवर पाय ऐकेना.

एकदा वैतागून जोरात मारला. बॉल उडाला तो थेट शेजारच्या बंगल्याच्या भिंतीपलीकडे. धप्प आवाज आला. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आतून एक बाई आल्या, हाताला कणीक लागलेली.

“बॉल तुमचा का? हौदात पडलाय. घ्या काढून.”

मी तिथंच उभा.

“अहो, उभे काय राहिलात? फाटक उघडंच आहे.”

“हौद पिण्याच्या पाण्याचा आहे का, बाई?”

“मग काय झालं? बॉलच आहे ना, मगर तर नाही? हात घाला आणि काढा. माझी पोळी करपतेय तिकडे.” आणि त्या आत निघून गेल्या.

मी हौदात कोपरापर्यंत हात घातला. पाणी गार होतं. बॉल काढला, फाटक नीट लावलं आणि प्लॉटवर आलो.

“क्या हुआ भाई? डाँट पडी?” इरफाननं विचारलं.

“नाही. बॉल लाव.”

त्या संध्याकाळी पहिली चिप बसली. मग दुसरी बसली. अंधार पडेपर्यंत इरफान लोळून लोळून मातीचा झाला होता. म्हणाला, “अब बस करो भाई, अम्मी घर में नहीं लेगी मेरे को.”

फायनल नाशिकलाच होती. कारखान्याची शिफ्ट सुटून माणसं थेट ग्राउंडवर आली. आई कंपनीच्या टेम्पोतून आली आणि साइडलाइनला बायकांत बसली. मी देशभर खेळलो, पण तिनं माझा सामना कधी पाहिला नव्हता. ग्राउंड दिसलं की ती तोंड फिरवायची.

फ्रान्सिस हात मिळवताना म्हणाला, “काय रे पगारे, अजून गवतच कापतोस?”

“धंदाच तो आपला.”

पहिल्या हाफमध्ये मी दोन सरपटी मारले. दोन्ही वेळा फ्रान्सिस आधीच खाली. दुसरा बॉल छातीशी धरून त्यानं मला डोळा मारला. मधल्या काळात त्यांनी एक गोल केला. हाफटाइमला कुलकर्णी साहेब टाय सैल करत आले.

“पगारे, तो माणूस आधीच झोपतोय. दिसत नाही का तुम्हाला?”

“दिसतंय साहेब.”

“मग वर मारा ना!”

“मारणार आहे. अजून थोडा झोपू द्या त्याला.”

साहेबांना वाटलं मी उलट बोलतोय. मी खरंच तसं ठरवलं होतं. चिप एकदाच चालते. दुसऱ्या वेळी कीपर उभा राहतो.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवरून इरफाननं डोक्यानं गोल केला. एक-एक झालं. मी मध्ये अजून एक सरपटी मारून ठेवला. फ्रान्सिसनं तो पायानं अडवला आणि हसला. त्याचा विश्वास पक्का झाला होता.

मॅच संपत आली होती. इरफाननं त्यांच्या दोन डिफेंडरच्या मधून बॉल काढून दिला आणि मी एकटा सुटलो. समोर फक्त फ्रान्सिस. तो पुढं आला. मी उजवा पाय मागं नेला, नेहमी न्यायचो तसाच. तो आडवा झाला. जमिनीवर पसरला पुरा. मी बूट बॉलखाली घातला आणि उचलला.

बॉल त्याच्या अंगावरून गेला. फार जोरात नाही, आरामात गेला. फ्रान्सिस पडल्या पडल्या मान वळवून बघत होता. बॉल एक टप्पा पडून जाळीत शिरला.

नंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. इरफान अंगावर पडला, त्याच्यावर बाकीचे पडले. कुलकर्णी साहेब टायसकट ग्राउंडमध्ये पळत आले होते. मॅच संपल्यावर फ्रान्सिस आला आणि मिठी मारून म्हणाला, “साल्या, हे कधी शिकलास?”

“ह्या आठवड्यात.”

“पंधरा दिवस थांबला असतास तर तुझं काय गेलं असतं?”

“नोकरी,” मी म्हणालो.

आईपाशी गेलो. ती उठून उभी राहिली होती. पदरानं माझ्या तोंडावरचा घाम पुसला.

“वरून मारलास व्हय रे?”

“हो.”

“कोणाच्या विहिरीत नाय ना गेला?”

“नाही आई. जाळीत गेला.”

“मग मार की. आता वरूनच मार,” ती म्हणाली आणि शेजारच्या बाईला सांगायला लागली, “माझा हाय ह्यो. बी.ए. हाय.”

या धंद्यात मी एवढं शिकलो: तुमची सवय समोरच्याला पाठ झाली की ती तुमच्या उपयोगाची राहत नाही. मात्र त्याला ती शेवटपर्यंत पाठ आहे असं वाटू द्यायचं.

कुलकर्णी साहेबांनी शब्द पाळला. टीम राहिली, ग्राउंडवर शेड झाली नाही. सगळी पोरं परमनंट झाली. इरफान पुढं त्याच टीमचा कोच झाला. मला टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरीच्या खात्यात, क्लार्कचं टेबल मिळालं, डिग्रीवर. त्याच कारखान्यातून मी पर्सोनेल ऑफिसर म्हणून रिटायर झालो. माझ्या हातात होतं तोपर्यंत टीममधल्या एकाही पोराला ब्रेक मिळाला नाही.